कर कोणाचा, जाब कोणाला?
स्थानिक निवडणुकीपूर्वी व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

निवडणूक नगरपालिकेची असो वा महापालिकेची, ती जवळ आली की बाजारपेठेत एकच सूर ऐकू येतो, "करांनी कंबर मोडली, या वेळी दाखवून देऊ." कापडबाजारात हा सूर आहे, लोखंडबाजारात आहे, चपला शिवणाऱ्यांच्या गल्लीतही आहे. ही नाराजी खरी आहे आणि तिला कारणेही आहेत. पण ती कोणापुढे मांडायची, याचा विचार फार थोडे लोक करतात. जीएसटीचा राग नगरसेवकावर निघतो, घरपट्टीचा राग दिल्लीवर निघतो आणि दोघेही सुटतात. उमेदवारांना तर हे सोयीचेच असते. जे आपल्या हातात नाही त्याविरुद्ध भाषण करायला पैसा लागत नाही. म्हणून कोणता कर कोणाचा आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे आज नीट समजून घेऊ.

जकातीचा धडा

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे शहराच्या वेशीवरील कराला 'चुंगी' म्हणत. मराठीत त्याचे नाव 'जकात'. शब्द आपल्या जकातीवरूनच आलेला, पण अर्थ पार बदललेला. आपली जकात देणारा स्वतः हिशेब करून देतो. नाक्यावरची जकात रस्ता अडवून घेतली जाई. वापरासाठी किंवा विक्रीसाठी माल हद्दीत आला की पैसे भरा, पावती घ्या, मग गाडी पुढे. सुताची गाडी रात्रभर नाक्यावर अडकली की सकाळी माग रिकामे. मागवाल्याची मजुरी बुडे, व्यापाऱ्याचा वायदा चुके. करापेक्षा खोळंब्याचाच जाच अधिक, असे जुने व्यापारी म्हणत.

पुढे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. २०१० पासून तो काही महापालिकांत सुरू झाला आणि १ एप्रिल २०१३ पासून पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत लागू झाला. नाका गेला, पण हिशेबाचे ओझे दुकानात आले. विक्रीकर खात्याकडे व्हॅटचा हिशेब द्यायचा आणि महापालिकेकडे एलबीटीचा वेगळा द्यायचा. तपासणीचा अधिकार दोघांना. छोट्या व्यापाऱ्याला कराच्या रकमेपेक्षा ही दुहेरी तपासणी जड वाटत होती. एप्रिल-मे २०१३ मध्ये राज्यभर दुकाने बंद राहिली. "कर घ्या, पण व्हॅटबरोबर एकाच ठिकाणी घ्या," अशी व्यापाऱ्यांची मागणी होती.

ऑक्टोबर २०१४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, सरकार बदलले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक उलाढाल ५० कोटींपेक्षा कमी असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला. बाजारात पेढे वाटले गेले. पण या घटनेत ध्यानात ठेवण्याजोग्या दोन गोष्टी आहेत.

पहिली, हा कर कोणत्याही महापालिकेने रद्द केला नाही. तो राज्य सरकारने केला. व्यापाऱ्यांनी नाराजी विधानसभेच्या वेळी आणि मंत्रालयाच्या दारात मांडली, म्हणून ती लागू पडली. त्याच मागणीसाठी ते नगरसेवकाच्या घरी बसले असते, तर चहा मिळाला असता, कर तसाच राहिला असता.

दुसरी, कर गेला म्हणजे खर्च गेला असे नाही. महापालिकांची तूट राज्याने अनुदानातून भरायची ठरली. दोन महिन्यांनी, १ ऑक्टोबर २०१५ पासून, पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लागला. कारण दुष्काळनिवारणाचे होते आणि दुष्काळ खराच होता. पण राज्याची तिजोरी एकच असते. एका दाराने पैसा यायचा थांबला की सरकार दुसरे दार शोधते. म्हणून "अमुक कर रद्द करू" असे कोणी म्हणाले, की "त्या जागी काय लावणार?" हा प्रश्न तिथल्या तिथे विचारला पाहिजे.

जीएसटी आल्यानंतर

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावर कर बसवण्याचा अधिकार, काढून टाकला आहे. तेव्हा "आम्ही जकात परत येऊ देणार नाही" असे सांगणारा उमेदवार काहीच देत नाही. जे येऊ शकत नाही, ते रोखल्याचे श्रेय तो मागतो.

जकातीच्या बदल्यात महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि भरपाईत दरसाल ८ टक्के वाढ ठरली. मुंबई महापालिकेला जुलै २०१७ मध्ये पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा मिळाला. व्यापाऱ्याला नाका नको होता, तो गेला. हे चांगलेच झाले. पण शहराची कमाई शहराच्या हाती राहिली नाही. हप्ता मंत्रालयातून येतो. मग महापालिकेच्या स्वतःच्या हाती मोठे उत्पन्न उरले ते मालमत्ता कराचे आणि बांधकाम परवानगीच्या शुल्काचे. म्हणून पैसा कमी पडला की तिचे लक्ष आधी आपल्या दुकानाच्या, गाळ्याच्या आणि मागाच्या शेडच्या पट्टीकडे जाते.

आता जीएसटीचे दर पाहू. ते जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. १९५७ च्या व्यवस्थेने कापड विक्रीकराबाहेर ठेवले होते, ते जीएसटीत ५ टक्क्यांवर आले. सुरतच्या व्यापाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याविरुद्ध मोठा बंद पाळला. तरी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सुरत जिल्ह्यातील १६ पैकी १५ जागा सत्ताधारी पक्षानेच जिंकल्या. रस्त्यावरचा राग मतपेटीत उतरतोच असे नाही, हे पुढारी पक्के जाणतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचना निघाली की १ जानेवारी २०२२ पासून कापड आणि हजार रुपयांपर्यंतची पादत्राणे ५ वरून १२ टक्क्यांवर जातील. कापडवाल्यांनी शहराशहरांतून निवेदने दिली आणि राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी विषय उचलला. ३१ डिसेंबर २०२१ रोजी परिषदेने कापडावरील वाढ थांबवली. पादत्राणांवरील वाढ मात्र तशीच लागू झाली. चप्पल-जोडे बनवणाऱ्या आपल्या कारागिरांना २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा अडीच हजारांपर्यंतची पादत्राणे ५ टक्क्यांवर आली. त्याच दिवसापासून कृत्रिम धाग्यावरील कर १२ वरून ५ टक्के झाला. धाग्यावर जास्त आणि कापडावर कमी, ही मागवाल्यांची जुनी तक्रार दूर झाली. या साऱ्यात नगरसेवकाचा हात कुठेही नव्हता.

कोणाकडे काय मागावे?

जीएसटी व आयकराची तक्रार खासदाराकडे आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे जावी, तीही संघटनेमार्फत, लेखी आणि आकड्यांसह. व्यवसाय कर महाराष्ट्रात राज्य सरकार घेते, महापालिका नव्हे, वीजशुल्कही राज्याचेच. त्यांची तक्रार आमदाराकडे.

मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजारातील बैठक फी, पालिकेच्या गाळ्यांचे भाडे आणि फलकाचे शुल्क हे स्थानिक निवडणुकीचे खरे प्रश्न आहेत. महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढील वर्षाचे कराचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. त्या दिवशी आपला नगरसेवक कोणत्या बाजूने हात वर करतो, हेच आपल्या मताचे मोल.

उमेदवार दारात आला की त्याला हे विचारावे :

१) बिगरनिवासी दर पुढील पाच वर्षांत वाढवण्याच्या ठरावाला तुम्ही पाठिंबा देणार की विरोध करणार?

२) घरातच दोन माग किंवा शिलाई यंत्रे चालवणाऱ्याची आकारणी कारखान्याप्रमाणे होऊ नये, यासाठी काय कराल?

३) राज्याकडून आलेली भरपाई कोणत्या कामावर खर्च झाली, याचा प्रभागनिहाय हिशेब दरवर्षी लावाल काय?

४) २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांतून निवडलेले हवेत. आपल्या शहरात ती समिती बसते काय?

५) वेळेवर कर भरणाऱ्याला काय देणार?

हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नये. थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला २४ टक्के. चार-पाच वर्षांत शास्ती मुद्दलाला येऊन भिडते आणि गरीब कारागिराचे घर जप्तीच्या यादीत लागते. मग कधी निवडणुकीच्या तोंडावर 'अभय योजना' येते आणि शास्ती माफ होते. अडचणीत सापडलेल्याला ती सवलत जरूर मिळावी. पण यंत्र गहाण ठेवून वेळेवर पट्टी भरणाऱ्याने काय गुन्हा केला? दरवेळी माफी थकवणाऱ्यालाच मिळाली, तर प्रामाणिक माणूसही थकवायला शिकेल, आणि तूट पुढच्या वर्षी सर्वांच्याच पट्टीत येईल.

आधी आपले कागद

जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे कागद साफ हवेत. कर आकारणीचा उतारा काढून पाहावा. नाव कोणाचे आहे? वडिलांच्या पश्चात ते बदलले आहे काय? क्षेत्रफळ खरे आहे काय? मजला घराचा आणि आकारणी दुकानाची, असे तर झालेले नाही ना? नवीन आकारणीची नोटीस आली, तर तिच्यात दिलेल्या मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला कचेरीत काही किंमत नसते. मुदत टळली की चांगला नगरसेवकही फारसे काही करू शकत नाही.

काही बांधव म्हणतात, सर्व सारखेच, मतदानच करू नये. हा सौदा तोट्याचा आहे. प्रभागाची लढत थोड्या मतांची असते. बाजारातील शंभर दुकानदार आणि त्यांचे कारागीर एकच लेखी मागणी घेऊन उभे राहिले, तर कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला ती ऐकावी लागते. लोकसभेला हे वजन आपल्याला कधीच येत नाही.

ताका घेताना आपण तो उलगडून पाहतो, मीटर मोजतो, डाग असेल तर परत करतो. पाच वर्षांसाठी मत देतानाही तेवढीच पारख करावी. उत्तरे कागदावर घ्यावीत, तो कागद जपून ठेवावा आणि प्रत्येक फेब्रुवारीत, दर ठरण्याच्या वेळी, तो घेऊन नगरसेवकाकडे जावे.