टँकर सुरू का होत नाही?

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो; त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपासच रेंगाळतो. माण आणि खटाव, तसेच शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ व जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी या भागातील पुष्कळ शिवारांत पोहोचविले. तरीही २०१८-१९ व २०२३-२४ च्या टंचाईत येथील अनेक वाड्यावस्त्यांची तहान टँकरनेच भागवावी लागली. टँकरच्या पाण्याचे प्रमाण माणशी रोज २० लिटर धरले जाते. म्हणजे दहा हजार लिटरची एक खेप चुकली की पाचशे माणसांचा त्या दिवसाचा वाटा बुडाला. म्हणूनच 'आज गाडी सुरू झाली नाही' हे उत्तर ग्रामपंचायतीने निमूटपणे ऐकून घेण्याजोगे नाही.

गाडी दुरुस्त करणे हे सरपंचांचे काम नव्हे. परंतु दोष कोणत्या बाजूचा आहे एवढे जरी ओळखता आले, तरी फिटर योग्य साहित्य घेऊन निघू शकतो. जतच्या पूर्व भागात मिरजेहून फिटर यावयाचा, दोष बॅटरीचा असावयाचा आणि त्याने डिझेल फिल्टर आणलेला असावयाचा, यात एक दिवस सहज वाया जातो.

डिझेल इंजिन या परिसराला परके नाही. सातारा रोड येथील कूपर कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीच अशी इंजिने तयार होऊ लागली होती आणि विहिरीवरचे इंजिन हँडल मारून सुरू केलेली माणसे आजही गावोगाव आढळतात. हँडल हळू फिरविले तर इंजिन पेटत नाही, हे त्यांना ठाऊक असते. या इंजिनात ठिणगी नसते. कोंडलेली हवा दाबली जाऊन इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. ट्रकमध्ये हँडलचे काम 'सेल्फ' करतो. तेव्हा पाहावयाचे ते दोनच गोष्टी : इंजिन पुरेशा वेगाने फिरते काय, आणि फिरत असल्यास डिझेल पोहोचते काय? हा क्रम मोडला की तपास भरकटतो.

इंजिन फिरतच नसेल किंवा कण्हत कण्हत फिरत असेल, तर पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी दुबळी आहे किंवा तिची जोडणी सैल अथवा मळलेली आहे. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही. स्विच, रिले व सोलेनॉइड तपासावे लागतील. काही गाड्या गिअर न्यूट्रलमध्ये नसल्यास किंवा क्लच दाबलेला नसल्यास सेल्फला वीज देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवा मळ पुसून पकड घट्ट करणे, एवढ्यानेच पुष्कळ गाड्या सुरू होतात.

अवजड ट्रकमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळविलेले असतात. प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजावी. रात्रभर विसावलेली चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी समजावी. एक बॅटरी खचली की दुसरीही तिच्या मागे जाते. बॅटरी थंडीत दगा देते असा समज आहे, पण टँकरच्या हंगामात खरा शत्रू उन्हाळाच असतो. चैत्र-वैशाखात बॅटरीतील पाणी उडून प्लेटी उघड्या पडतात. तेथे डिस्टिल्ड वॉटरच घालावे. मागे दहा हजार लिटर पाणी असले तरी त्यातील तांब्याभरही बॅटरीच्या उपयोगाचे नाही, कारण त्यातील क्षार प्लेटींना बाधतात. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. तिच्याजवळ विडी-काडी नसावी.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक दाबू नये आणि मध्ये एक-दोन मिनिटे थांबावे. सतत दाबल्याने सेल्फ जळतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपते.

इंजिन झपाट्याने फिरूनही पेटत नसेल, तर सायलेन्सरकडे पाहावे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही : टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला किंवा नळीने 'एअर' धरलेली. जुन्या पद्धतीच्या गाडीत फिल्टरचा स्क्रू सैल करून छोटा हातपंप मारीत राहिल्यास आधी बुडबुडे, मग निव्वळ डिझेल येते. त्यानंतर स्क्रू आवळावा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल जाते पण पेटत नाही. अशा वेळी डिझेलमधील पाणी, नोझल आणि कॉम्प्रेशन हे फिटरचे विषय. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाडीत मात्र इंजिनवरील उच्च दाबाच्या नळीला कोणीही पाना लावू नये. तेथे डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक चढतो आणि त्याची धार त्वचा भेदून आत शिरते.

बॅटरी दुबळी म्हणून गाडी उतारावर उभी करून सकाळी सोडून देण्याची सवय काही चालकांना असते. ही सवय घातक आहे. इंजिन बंद असताना एअर ब्रेकची हवा पुन्हा भरत नाही आणि दहा टन पाण्याचा भार उतारावर आवरता येत नाही. स्प्रिंग ब्रेकच्या गाडीत रात्रीतून हवा उतरली, तर चाके जागची हलतही नाहीत.

टँकरच्या लॉगबुकात 'गाडी बंद' एवढीच नोंद पुष्कळदा आढळते. त्याऐवजी 'सकाळी सहा वाजता सेल्फ जोरात फिरला, धूर नाही' किंवा 'सेल्फ फिरला नाही, दिवे मंद' असे लिहावे आणि हेच शब्द दूरध्वनीवरून फिटरला कळवावेत. पहिल्या नोंदीवर तो फिल्टर घेऊन निघतो, दुसरीवर बॅटरी घेऊन.