डांग्या खोकला आणि बबून वानर



डांग्या खोकल्यानें बेजार झालेलें तान्हें मूल ज्यानें एकदां पाहिलें आहे, त्यास त्या रोगाची भीषणता वर्णन करून सांगावयास नको. उबळ आली म्हणजे मूल श्वासासाठीं तळमळतें व त्याचें तोंड निळें पडतें. ह्या रोगाचा जंतु बोर्दे व झांगू ह्या शास्त्रज्ञांनीं १९०६ सालीं वेगळा काढिला. पुढें १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ग्रँड रॅपिड्स येथें पर्ल केंड्रिक व ग्रेस एल्डरिंग ह्या दोन विदुषींनीं सबंध मृत जंतूंची गुणकारी लस सिद्ध केली. तिनें रोग हटला. परंतु ती टोंचल्यावर ताप व सूज येई. म्हणून अनेक धनिक देशांनीं जंतूंचे केवळ निवडक अंश घेऊन केलेली सौम्य लस स्वीकारिली.

तथापि रोग पुनः वाढूं लागला. २०१२ सालीं एकट्या अमेरिकेंत ४८,२७७ रोग्यांची नोंद झाली. लस टोंचलेली असतां असें कां व्हावें? ह्याचें उत्तर शोधण्यास मनुष्याप्रमाणें खोकणारा प्राणी हवा होता. उंदरास ह्या जंतूची बाधा होते, पण त्यास तसा खोकला येत नाहीं. ऱ्हीसस माकडांत लक्षणें एकसारखीं दिसत ना. अखेर अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्यांतील टॉड मर्केल, जेसन वॉरफेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऑलिव्ह बबून ह्या आफ्रिकेंतील वानराची निवड केली. त्याचीं पिलें मुलांसारखींच खोकतात व हवेंतून एकमेकांस रोग देतात.

आतां हीं पिलें आणावयाचीं कोठून? रानांतून धरलेल्या प्राण्याचें नेमकें वय वा पूर्वीचे आजार ठाऊक नसतात. प्रयोगांत तर दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या महिन्यांत लस टोंचून सातव्यांत जंतु द्यावयाचे होते. म्हणून ओक्लाहोमा विद्यापीठाच्या वसाहतींत जन्मलेलीं पिलें आणिलीं. २०१५ सालीं ती वसाहत क्रमाक्रमानें बंद करण्याचें विद्यापीठानें जाहीर केलें.

प्राण्यांच्या पुरवठ्याचा हा प्रश्न आपणांसही नवा नाहीं. एके काळीं आपल्या देशांतून प्रतिवर्षीं हजारों ऱ्हीसस माकडें परदेशीं जात व पोलिओच्या लशीच्या कामीं येत. परंतु कांहीं माकडें किरणोत्सर्गाच्या लष्करी प्रयोगांत वापरल्याचें उघड झाल्यावर १९७८ सालीं सरकारनें ही निर्यात बंद केली. रोगनिवारणासाठीं दिलेला प्राणी त्याच कामीं लागावा, ही अपेक्षा रास्तच होती.

बबूनांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ अखेर प्रसिद्ध झाला. सौम्य लस टोंचलेलीं पिलें गंभीर आजारी पडलीं नाहींत; पण त्यांच्या घशांत जंतु टिकले व त्यांनीं इतरांस रोग दिला. सबंध जंतूंची लस दिलेल्या पिलांतून मात्र जंतु अधिक लवकर नाहींसे झाले. आपल्या देशांतील सरकारी लसीकरणांत हीच दुसरी लस आहे. तात्पर्य, स्वतः निरोगी दिसणारें भावंडही पाळण्यांतील बाळास रोग देऊं शकतें.

मुका प्राणी आपली संमति देत नाहीं. म्हणून त्याचें दुःख घेणाऱ्यावर दुहेरी ऋण चढतें. लागतील तेवढेच प्राणी घ्यावे व त्यांचे हाल कमी करावे, हें शास्त्रज्ञांचें ऋण. मिळालेलें ज्ञान वायां जाऊं न देणें, हें आपलें. घरीं तान्हें मूल असेल तर दीड, अडीच व साडेतीन महिन्यांची लस चुकूं देऊं नका. त्या पिलांचें ऋण फेडण्याचा आपणांस एवढाच मार्ग आहे.