ज्वारी, तूर आणि आहारतज्ज्ञाचे अध्ययन

प्रश्न : पदविका घेऊन बराच काळ लोटला. वनस्पतिजन्य आहाराविषयी रुग्ण वारंवार विचारतात. ज्ञान अद्ययावत कसे ठेवावे? – एक आहारतज्ज्ञ, बिलोली

उत्तर : आपला तालुका तेलंगणाच्या सरहद्दीस लागून असल्याने, 1918 साली कुन्नूर येथे संशोधक मॅकॅरिसन यांनी आरंभिलेली व पुढे हैदराबादेत स्थिरावलेली राष्ट्रीय पोषण संस्था आपणास मुंबईपेक्षा निकट आहे, तिची 2017 ची अन्नघटक-कोष्टके आणि 2024 ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे यांचे साद्यंत अध्ययन हाच प्रथम पाठ समजावा. त्याची कसोटी मात्र बिलोलीच्या ताटावरच लागते : ज्वारीत ज्या लायसिन या अमिनो आम्लाची उणीव, ते तुरीच्या वरणात मुबलक असल्याने भाकरी-वरणाची जोड शास्त्रशुद्ध ठरते, भाजीवर पिळलेले लिंबू लोहाचे शोषण वाढवते, तर जेवणालगतचा चहा ते रोखतो. तथापि जीवनसत्त्व बी-12 वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. यास्तव दूधदहीही वर्ज्य करणाऱ्यास, विशेषतः गर्भवतीस, वैद्यकीय सल्ल्याने त्याच्या पूरक मात्रेची तजवीज केल्यावाचून असा आहार सुचवू नये. रुग्णाचे हिमोग्लोबिन आणि त्याचा प्रत्यक्ष आहार यांची नोंद दप्तरी नियमाने ठेवून ती ग्रंथाशी ताडून पाहावी. अभ्यासवर्गात ऐकलेले ज्ञान अशा पडताळ्यानेच आपले होते.