आधी कॅमेरा की आधी मदत?

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. गिधाड आणि उपाशी मुलाचे केव्हिन कार्टर यांचे छायाचित्र आम्हाला वर्गात दाखवले. त्यांनी आधी त्या मुलाला उचलायला नको होते का?

उत्तर : मार्च १९९३, सुदानमधले आयोड. अन्नवाटप केंद्राजवळ एक मूल जमिनीवर कोसळलेले, मागे गिधाड टपून बसलेले. ते पंख पसरेल म्हणून कार्टर सुमारे वीस मिनिटे थांबले आणि मग त्यांनी ते हुसकावले. रोगराईच्या भीतीने मुलांना हात लावू नका, अशी पत्रकारांना सूचना होती म्हणतात. ती मान्य केली तरी ती वीस मिनिटे मला खटकतात. अधिक प्रभावी चित्रासाठी थांबण्याऐवजी केंद्रातल्या कुणाला हाक मारता आली असती.

पण ते छायाचित्र काढलेच नसते, तर त्या दुष्काळाकडे जगाने इतके पाहिले नसते, हेही तितकेच खरे. १९९४मध्ये त्यांना पुलित्झर मिळाले आणि त्याच जुलैत त्यांनी आत्महत्या केली. तिचे खापर या एका छायाचित्रावर फोडणे अन्यायाचे आहे. दक्षिण आफ्रिकेतला हिंसाचार ते वर्षानुवर्षे जवळून पाहत होते.

तुम्ही घटनास्थळी पोहोचाल तेव्हा आधी बघा, मदतीला दुसरे कुणी आहे का? डॉक्टर, जवान कामाला लागले असतील तर बिनदिक्कत छायाचित्रे काढा. कुणीच नसेल तर कॅमेरा बाजूला ठेवून १०८ला फोन लावा. रस्ते अपघातात पोलिसांच्या ससेमिऱ्याला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, नाव सांगण्याची सक्तीही नाही.