गिऱ्हाईक मोजकं, पण पक्कं: नेमबाजीच्या मासिकांचा धडा

"सर, माझं गिऱ्हाईक फारच मोजकं आहे, धंदा चालेल का?" हा प्रश्न मला सारखा येतो. आज त्याचं उत्तर एका वेगळ्याच धंद्यातून बघू.

१८८५ साली अमेरिकेत बॉस्टनला 'द रायफल' हे मासिक निघालं. विषय एकच, नेमबाजी. पुढे नावं बदलली. १९१६ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनने ते अवघ्या १ डॉलरला घेतलं आणि १९२३ पासून ते 'अमेरिकन रायफलमन' झालं. रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, सगळं आलं. मासिक तरीही टिकलं. का?

१. मोजून सांगणं. 'रायफल चांगली आहे' एवढ्यावर शौकिनाचं समाधान होत नाही. चाचणीत पाच-पाच गोळ्यांचे पाच गट झाडतात, निशाणावरच्या छिद्रांमधलं अंतर मोजतात आणि सरासरी तक्त्यात छापतात. पद्धत ठरलेली, त्यामुळे तुलना करता येते. म्हणूनच जुना अंक रद्दीत जात नाही, कपाटात राहतो.

२. प्रश्नाला उत्तर. 'डोप बॅग' या जुन्या सदरातून वाचकांच्या शंकांना जाणकार उत्तरं देत.

३. बांधलेलं नातं. सभासद झालं की मासिक मिळतं. दर महिन्याला नवं गिऱ्हाईक शोधायची वणवण नाही.

आता खरी मेख ऐका. अशा मासिकांत जाहिराती कुणाच्या? बंदुका बनवणाऱ्यांच्याच! म्हणजे पैसे देणाऱ्याच्याच मालाची परीक्षा घ्यायची. तिथे गोड-गोड लिहिलं तर वाचक रेंजवर जाऊन स्वतः ताडून बघतो. एकदा खोटं पकडलं की वर्गणी बंद, आणि वाचक गेला की जाहिरातदारही जातो.

तुमचंही तेच आहे. समजा, तुम्ही शोभेच्या माशांचं खाद्य विकता. एक कंपनी जास्त मार्जिन देते, पण तिच्या खाद्याने पाणी लवकर गढूळ होतं. काय कराल? मोजक्या गिऱ्हाइकांच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. एकाला फसवलंत, की दहा जणांना कळलंच म्हणून समजा.

गृहपाठ: गेल्या दहा गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहा. मग आपला एक माल स्वतः वापरून, मोजून बघा आणि त्याचा एक गुण व एक उणीव गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. त्या दिवशी विक्री कदाचित हुकेल, पण ते गिऱ्हाईक परत येण्याची शक्यता वाढेल.