शीड आणि सुकाणूं

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत राहणाऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांस शिडाची होडी पाहण्याचा योग क्वचितच येतो. तथापि मोखाड्याच्या खोऱ्यांतून वाहणारी वैतरणा ज्या अरबी समुद्रास मिळते, त्याच समुद्रावर आपले कोळी व खलाशी पिढ्यान् पिढ्या शिडाच्या बळावर फिरले. होडी सुकाणूनें वळते, हें सर्वांस ठाऊक असतें. पण ती शिडानेंही वळते, हें थोड्यांच्याच ध्यानीं येतें. शर्यतींत तर जय-पराजय पुष्कळदां यावरच ठरतो. तें कसें, हें येथें पाहूं.

खांद्यावर कावड वाहणारा मनुष्य आपण पाहिलाच आहे. खांदा हा टेकू. एक ओझें पुढें, एक मागें. मागचें जड झालें कीं कावड मागें कलते, व तिला हातानें दाबून धरावें लागतें. होडीचेंही तसेंच आहे. तिचा पाण्यांत बुडालेला भाग आडवें सरकण्यास विरोध करतो. त्या विरोधाचा मध्य हा होडीचा खांदा समजा. वाऱ्याचा जो जोर शिडांवर पडतो, त्याचाही एक मध्य असतो. हे दोन्ही मध्य जुळले म्हणजे होडी सरळ चालते. जोराचा मध्य मागें गेला, तर पिछाडी ढकलली जाऊन नाळ वाऱ्याच्या तोंडाकडे वळूं पाहते. तो पुढें आला, तर नाळ वाऱ्यापासून दूर जाते.

शर्यतीच्या होडीस बहुधा दोन शिडें असतात: डोलकाठीमागें मोठें व पुढें लहान. मोठ्या शिडाची दोरी ताणली कीं मागचा जोर वाढतो. ती सैल सोडली कीं कमी होतो. दुसरें कारण होडीच्या कलण्याचें. सोसाट्याच्या वाऱ्यानें होडी एका अंगावर कलली म्हणजे शिडाचा जोर तिच्या बाहेरच्या बाजूस पडतो. गाडीचा एकच बैल जोरानें ओढूं लागला, तर गाडी दुसऱ्या बैलाच्या बाजूस वळते. त्याचप्रमाणें कललेली होडी वाऱ्याकडे वळते.

अशा वेळीं नवशिका सुकाणूं अधिकाधिक तिरपें करतो. परंतु तिरपें सुकाणूं पाणी अडवितें, व वेग घटतो. चारपांच अंशांचा कल चालतो. तो फार वाढला, तर सुकाणूच्या मागील अंगावरून पाण्याचा प्रवाह सुटतो, त्याची पकड नाहींशी होते व होडी हवी तशी फिरते. शेजारीं दुसऱ्या होड्या असतां याचा परिणाम काय होईल, हें सांगावयास नकोच. म्हणून जाणता नाविक वाऱ्याचा झोत येतांच प्रथम मोठ्या शिडाची दोरी सैल करतो व स्वतः वाऱ्याच्या बाजूस बाहेर झुकून होडी उभी ठेवतो. शर्यतीच्या खुणेस वळसा घालून वाऱ्यापासून दूर जावयाचें असतांही तो आधीं मोठें शीड सोडतो. मग सुकाणूं हलक्या हातानें चालतें.

या नियमाचा दाखला मुंबईंत बांधलेल्या एका होडीनें जगास दिला. ‘सुहेली’ नांवाची ही सुमारें 32 फूट लांबीची सागवानी, दोन डोलकाठ्यांची होडी 1964 सालीं मुंबईस पाण्यांत उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन 14 जून 1968 रोजीं इंग्लंडांतील फाल्मथ बंदरांतून एकट्यानें, कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीस निघाले. वाऱ्याच्या साह्यानें सुकाणूं आपोआप धरणारें त्यांचें यंत्र ऑस्ट्रेलियाकडे जातां जातां मोडून निकामी झालें. एकट्या मनुष्यानें अहोरात्र सुकाणूं धरावें कसें, आणि झोंपावें केव्हां? त्यांनीं पुढचीं-मागचीं शिडें अशीं तोलून लाविलीं कीं सुकाणूं बांधून ठेवलें तरी होडी आपली दिशा धरून चालावी. ते 22 एप्रिल 1969 रोजीं, 312 दिवसांनीं, फाल्मथला परतले. नऊ स्पर्धकांपैकीं शर्यत पुरी करणारे ते एकटेच.

हें पडताळून पाहण्यास समुद्राची गरज नाहीं. एक हलकी लांबट फळी घ्या. तिच्या खालीं मध्यावर पत्र्याची उभी पट्टी बसवा, व वर पुढें आणि मागें पुठ्ठ्याचें एकेक शीड उभें करा. वडील माणसांस बरोबर घेऊन ती निवांत, उथळ पाण्यांत सोडा. वारा बाजूनें येत असतां केवळ मागचें शीड ठेवून पाहा, मग केवळ पुढचें, शेवटीं दोन्हीं. नाळ कोणीकडे वळते, तें वहींत टिपून ठेवा.

सुकाणूं जड लागूं लागलें, तर हाताचा जोर वाढविण्यापूर्वीं शिडाकडे पाहावें, हेंच नौकानयनांतील शहाणपण होय.