धरलेला खांदा किती दिवस सोसायचा?

एसटीच्या वाहकाचे दोन्ही हात कामाला जुंपलेले असतात. उजव्या हातात तिकिटाचं यंत्र, डावा हात वरच्या दांडीला. गाडी घाटात वळत असली तरी पैसे घ्यायचे, सुटे परत करायचे, घंटीची दोरी ओढायची. सातारा जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका वाहकमामांचा डावा खांदा दिवाळीच्या सुमारास दुखायला लागला, तेव्हा त्यांनी तो कामाच्याच खात्यावर टाकला. दांडी धरून धरून खांदा भरून आला असेल, चार दिवसांत उतरेल.

बाम चोळून झाला, शेकून झालं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर दिवस निघू लागला. रात्र मात्र निघेना. डाव्या कुशीवर वळलं की कळ थेट दंडात उतरायची. मग कुणीतरी एका मालिशवाल्याचं नाव सांगितलं. त्याने हात धरून हिसक्याने वर ओढला. शीर मोकळी झाली, असं तो म्हणाला. त्या रात्री मामा बसून होते.

होळीच्या आसपास दुखणं बरंच कमी झालं आणि खरी फसगत इथे झाली. कळ उतरली म्हणजे खांदा सुटतोय, असं घरादाराला वाटलं. प्रत्यक्षात हात छातीच्या वर जाईनासा झाला होता. शर्टाची डावी बाही बायको चढवून देई. मागच्या खिशातलं पाकीट पुढच्या खिशात आलं. गाडीत दांडीऐवजी बाकाची पाठ धरून तोल सांभाळायचा, म्हणून सगळा भार उजव्या हातावर आला, आणि मानही धरली. डॉक्टरांची पायरी चढायला पुढचे गणपती उजाडले.

निदान फार अवघड नव्हतं. फ्रोझन शोल्डर. वेगळंच काही निघालं ते रक्ताच्या तपासणीत. साखर बरीच वाढलेली होती आणि मामांना त्याचा पत्ताच नव्हता.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं. ते सैल असतं म्हणूनच हात डोक्यावर, पाठीमागे, चहूकडे फिरतो. या आजारात आवरणाला आधी सूज येते, मग ते जाड आणि चिवट होत जातं. धुतल्यावर आटलेल्या सुती झब्ब्याची बगल जशी हात उचलू देत नाही, तसं आतून होतं. एरवी वीस-तीस मिलीलिटर द्रव मावेल एवढी जागा दहा मिलीलिटरच्याही खाली येते. हाड जागच्या जागी असतं, म्हणून साध्या एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसत नाही. ‘एक्स-रे तर नॉर्मल आहे’ या वाक्यावर पुष्कळ लोक आणखी दोन-तीन महिने काढतात.

आजाराचे तीन टप्पे सांगितले जातात. पहिल्यात दुखणं वाढत जातं आणि हालचाल घटत जाते. दुसऱ्यात दुखणं ओसरतं, पण खांदा घट्ट बसतो. तिसऱ्यात तो हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं, काहींना त्याहून जास्त. चाळीस ते साठ या वयात आणि बायकांमध्ये हा आजार अधिक दिसतो. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना तो होतो, मधुमेह असणाऱ्यांत दहा ते वीस जणांना. थायरॉईडचे विकार, पक्षाघात, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा मनगट मोडल्यावर बरेच दिवस झोळीत ठेवलेला हात, यांनंतरही खांदा आखडू शकतो. एका बाजूला झाला की काही वर्षांत दुसऱ्या बाजूला होणारेही थोडे नाहीत.

‘आपोआप सुटतो, थोडं सोसा,’ हा सल्ला मामांना डेपोत, घरी, लग्नात, सगळीकडे मिळाला होता. तो अगदीच हवेतला नाही. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४मध्ये खांद्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा आजार चिवट असला तरी शेवटी बरा होतो, असंच मत मांडलं होतं. नंतर रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला, तेव्हा चित्र तेवढं सरळ राहिलं नाही. १९९२मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६२ रुग्णांना सरासरी सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तर निम्म्या लोकांत थोडं दुखणं किंवा आखडलेपण शिल्लक होतं. २००८मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २६९ खांद्यांची पाहणी मांडली. साधारण साडेचार वर्षांनंतर ५९ टक्के खांदे पूर्ववत किंवा जवळपास पूर्ववत होते, ३५ टक्क्यांमध्ये सौम्य ते मध्यम त्रास उरला होता आणि सहा टक्क्यांना तीव्र त्रास होता. बहुतेकांचं निभावतं, हे खरं. सगळ्यांचं पूर्ण निभावत नाही, हेही तितकंच खरं.

आणि निभावेपर्यंतच्या काळाची किंमत मोजावी लागते. महिनोन्‌महिने झोप मोडते. दंडाचे स्नायू वापराविना बारीक होतात. हात वर नेताना आखडलेल्या सांध्याऐवजी खांद्याचा फरा उचलला जातो, त्यामुळे मान आणि पाठ दुखू लागते. साडीचा पदर, ब्लाऊजचा हूक, अंबाडा, दोरीवरचे कपडे, माळ्यावरचा डबा, प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याला हाक मारावी लागते. रंगारी, शिंपी, फळ्यावर लिहिणारे शिक्षक, वाहक यांच्या तर पोटावरच येतं. मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. मधुमेह असेल तर मूत्रपिंड आधीच नाजूक असू शकतं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि त्यांतल्या अनेकांना आपला आजार ठाऊक नाही. अशा वेळी धरलेला खांदा हा त्या आजाराने दिलेला पहिला निरोप असू शकतो. मधुमेह्यांचा खांदा सुटायलाही जास्त वेळ घेतो.

आता डेपोत कुणी खांदा चोळताना दिसला की मामा त्याला भिंतीशी उभं करतात. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात दुमडायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. दोन्ही हात एकदम. एक पंजा बाहेर जातो आणि दुसरा जागीच अडतो, तर संशय घ्यायचा. मग दुसऱ्या माणसाने तोच पंजा हलक्या हाताने फिरवून बघायचा. तरीही अडला, तर सांधाच आखडलेला असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्याच्या मदतीने हात सहज फिरत असेल, तर बहुधा दुखणं वेगळं आहे, स्नायूच्या दोरीला इजा वगैरे. ही चाचणी निदान नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याचं कारण आहे.

काही दुखण्यांत तर ही चाचणीसुद्धा करत बसू नये. डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर थेट दवाखाना गाठावा. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. पडल्यानंतर हात उचलता न येणं, सांध्याला लाली आणि ताप, हाताला मुंग्या किंवा कारण नसताना घटलेलं वजन, यांतलं काहीही घरी अंगावर काढण्यासारखं नाही.

उपचारांत एक गोष्ट मालिशवाल्यांनी आणि उत्साही नातेवाइकांनीही लक्षात घ्यावी. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांची तुलना झाली होती, ती २००४मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला दुखण्याच्या मर्यादेत राहून हलके व्यायाम दिले, दुसऱ्याला दुखेपर्यंत ताणणारे. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा चांगला चालत होता, दुसऱ्यातल्या ६३ टक्क्यांचा. म्हणून दुखण्याच्या टप्प्यात पुढे वाकून हात लोंबकळता ठेवून हळू झुलवणं, बोटांनी भिंतीवर चढणं, एवढंच बास. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी थोडंच. दुखणं ओसरल्यावर फिजिओच्या देखरेखीखाली काठी आणि टॉवेल घेऊन ताण वाढवायचा. हिसका कधीच नाही.

सांध्यात दिलं जाणारं स्टेरॉईडचं इंजेक्शन पहिल्या टप्प्यात सगळ्यांत उपयोगी पडतं. स्टेरॉईड हा शब्द ऐकून दचकण्याचं कारण नाही, पण मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहावी. उशीर झाला की ही संधी हातची निसटते. तरीही वाटा बंद होत नाहीत. भूल देऊन खांदा मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवणं, असे पर्याय उरतात. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेली, २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी सांगते की हे दोन पर्याय आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांच्यात वर्षअखेरीस रुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक उरत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेला घाबरून घरी बसणं नको आणि तिच्यासाठी घाईही नको. आधी साधा उपचार, तो पुरेसा नसेल तर पुढचा.

मामांची साखर आता आटोक्यात आहे. डावा हात पुन्हा दांडीपर्यंत पोचतो. मागच्या खिशापर्यंत मात्र अजून जात नाही.

खांदा तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, रात्री जाग येत असेल किंवा कपडे घालताना हात अडत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याच दिवशी रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासायला सांगा. आणि तोवर कुणालाही हात ओढू देऊ नका.